पास झालेली टाकी

पिवळी टाकी तिनं आधी ओळखलीच नाही. तपासणीच्या खोलीत शिरलं की रांगेतल्या टाक्यांवरून हात फिरवत टेबलापर्यंत जायची तिची जुनी सवय, कुणी जिना चढताना कठड्याला हात लावत जावं तशी. पाणबुड्यांनी पाठीवर बांधून समुद्रात न्यायच्या या हवेच्या टाक्या, खरवडलेल्या, खाऱ्या पाण्यानं रंग उडालेल्या, तळाला रबराचे बूट घातलेल्या. आज शेवटच्या टाकीवर तिचा हात घसरला. इतकी गुळगुळीत टाकी इथे येत नाही. कोरी टाकी तर येतच नाही, तिला इथे यायचं कारणच नसतं. गुळगुळीत म्हणजे कुणीतरी काहीतरी झाकलंय, हा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव, त्यामुळे दिवस नीट सुरू व्हायच्या आतच ती वैतागली. खांद्याच्या गोलाईवर, जिथे दर तपासणीनंतर आकडे ठोकतात, तिथे तिनं अंगठ्याचं नख घातलं. आकडे रंगानं बुजले होते. एक उकरला, दुसरा उकरला, आणि त्यांच्या शेजारी तिची स्वतःची खूण निघाली, तिनंच हातोडीनं ठोकलेली. खांद्यापासून पोटापर्यंत जो लांब ओरखडा होता, खडकावर घासून झालेला, तो आता बोटांना लागत नव्हता. ही बाबांची टाकी होती.

"तुमचे दादा ठेवून गेले काल, तुम्ही गेल्यावर," पंपवाला दारातून म्हणाला. शेजारच्या खोलीत टाक्यांत हवा भरायचं काम त्याच्याकडे. सगळे त्याला पंपवालाच म्हणतात, आणि त्यालाही आता दुसऱ्या नावानं हाक मारली तर कळणार नाही. "म्हणाले, बहिणीला ओळखता येते का बघू."

"आणि तुम्ही ठेवून घेतलीत."

"मग काय परत पाठवू? किती छान दिसतेय. नव्याच्या वर."

"तेच तर," ती म्हणाली. पंपवाल्याला काही कळलं नाही, आणि त्यानं कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. त्याचा हा गुण तिला एरवी आवडायचा.

छान दिसतेय. या दोन शब्दांनी तिच्या आयुष्याचं वाटोळं केलं होतं. ज्याला त्याला टाकी बाहेरून छान दिसायची. एकानं वर्षभर टाकी दिवाणखान्यात कुंडीच्या शेजारी शोभेला ठेवली आणि आत पाणी राहिलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. हलवल्यावर आत गंजाची खडखड वाजली तेव्हा म्हणाला, वाळू असेल. एक बाई दरवर्षी आपली टाकी लाडक्या मांजरासारखी कुशीत घेऊन यायची आणि व्हॉल्व्ह बसतो त्या आट्यांत चीर निघाली तेव्हा म्हणाली, पण मी हिला दोनदाच पाण्यात नेलंय हो. जणू धातू वापरावर रागावतो आणि न वापरण्यावर खूश होतो. सगळ्यांचं एकच पालुपद, एवढंच ना. एवढीशीच चीर ना, एवढाच गंज ना, एवढ्यानं काय होतंय. आणि मग तिचा नन्नाचा पाढा. घरीही तेच. नवरा म्हणायचा, तू भाजी घेतानासुद्धा टाकीत घालतेस तसा आत बल्ब घालून बघतेस. हसायचे सगळे, तीही हसायची, पण रात्री भांडी आवरताना तिच्या मनात यायचं, की या जगात नाही म्हणायला माणसं कमी पडली म्हणून कुणी मलाच पाठवलंय का. वास्तविक लहानपणी घरातली हो म्हणणारी पोरगी तीच होती. नाही म्हणायचा मान दादाचा. तो भाजीला नाही म्हणायचा, अभ्यासाला नाही म्हणायचा, आणि आता तो पाणबुड्यांची शाळा चालवत होता आणि कुणालाच कशालाच नाही म्हणत नव्हता. ही अदलाबदल नेमकी कधी झाली ते तिला कधी सापडलं नाही.

तिनं दादाला फोन लावला.

"ओळखलीस ना, ठमे?" वयाची पन्नाशी आली तरी तो तिला ठमीच म्हणायचा.

"दादा, हा रंग कुठे दिलास?"

"आवडला? अगं, भट्टीतला रंग आहे. आधी पावडर मारतात आणि मग भट्टीत भाजून काढतात. सायकलींच्या सांगाड्यांना करतात ना, तसा. दगडावर आपट, टवका उडणार नाही. मासोळीला उद्या पहिल्यांदा खोल पाण्यात नेतोय ना, म्हटलं आजोबांची टाकी घेऊन जायचीय तर नव्यासारखी करून देऊ."

मासोळी म्हणजे दादाची मुलगी. चालायला लागायच्या आधी पोहायला लागली म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, आणि आता ती कॉलेजात गेली तरी तेच चाललेलं.

"भाजताना व्हॉल्व्ह काढला होतास?" हे विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं. थोडा वेळ काढायचा होता.

"मी काय खुळा आहे का? हवा सोडली, व्हॉल्व्ह काढला, तोंडाला बूच मारलं, जुना रंग उतरवून घेतला, मग दिली. स्वतः उभा राहून करून घेतलंय सगळं."

तिनं कपाळाला हात लावला. एवढी काळजी घेणारा माणूस. एवढं सगळं बरोबर करून नेमकी ती एकच गोष्ट करून आला जी करायची नसते, आणि केली की परत फिरवता येत नाही. ही टाकी ॲल्युमिनियमची. हा धातू मुळात मऊ; कारखान्यात त्याला मोजूनमापून ताव देऊन कठीण करतात, तेव्हा कुठे तो आत दाबलेली हवा पेलतो. रंगाची भट्टी त्याला पुन्हा नरम करते. बाहेरून काही दिसत नाही. वाकत नाही, तडकत नाही, रंग तर झकास चढतो. आणि मग एखाद्या दिवशी कुणीतरी हवा भरायला घेतं. हे तिनं दादाला सांगितलं, शक्य तितक्या हळू आवाजात.

"अगं पण जास्त नसेल तापली," दादा म्हणाला.

तिनं भट्टीवाल्याचा नंबर घेऊन त्यालाही विचारलं. तो बिचारा आनंदानं बोलला. दोनशे अंशांपर्यंत नेतो बाई, म्हणाला, त्याखाली नेली तर रंग पक्का कसा होणार? टाकीचा धातू नरम पडायला तेवढा ताव पुरेसा होता. ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं. खरंच बरोबर होतं त्याचं. या सगळ्या प्रकरणात चुकीचं असं कुणीच वागलं नव्हतं, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली. कुणी लबाडी केली असती तर तिनं सरळ फैलावर घेतलं असतं. प्रेमानं केलेल्या गाढवपणाला काय करायचं?

दादाचा पुन्हा फोन आला. आता त्याचा आवाज शाळा चालवणाऱ्या माणसाचा होता. "हे बघ, भाजली म्हणजे बाद, हे तुमच्या पुस्तकातलं झालं. पाण्याची चाचणी आहे ना? ती कर. त्यासाठीच तर ठेवलीय तुझ्याकडे. फुटायची असेल तर तिथेच फुटेल. दुपारी येतो न्यायला."

ती नाही म्हणू शकली असती. पुस्तक तिच्या बाजूनं होतं, भाजलेली टाकी बाद, पुढे चाचणीची भानगडच नाही. पण ती म्हणाली, करते. फोन ठेवल्यावर तिनं स्वतःलाच विचारलं, की हे कशाला? आणि उत्तर खरं सांगायचं तर असं होतं, की तिला टाकी नापास व्हायला हवी होती. एकदा तरी नाही म्हणायचं काम दुसऱ्या कुणी करावं. काचेच्या नळीतल्या पाण्यानं करावं. मग दादासमोर हात झटकून म्हणता आलं असतं, मी काय करू, तिनंच नाही म्हटलं. तिनं टाकीत गळ्याशी येईपर्यंत पाणी भरलं, पंपवाल्याला हाक मारून दोघांनी मिळून ती जाड लोखंडी नळकांड्यात सोडली, भोवतालच्या पोकळीत पाणी भरलं, झाकण आवळलं. आता टाकीच्या आत दाब चढवायचा. रोज जेवढा दाब ती पेलते त्याच्या कितीतरी वर. टाकी किंचित फुगते, डोळ्याला दिसणार नाही इतकी, आणि जेवढी फुगते तेवढं बाहेरचं पाणी सरकून नळीत चढतं. मग दाब सोडायचा. चांगली टाकी परत आपल्या मापात येते आणि नळीतलं पाणी खाली उतरतं. वाईट टाकी सैलावलेलीच राहते, आणि पाणी मध्येच कुठेतरी अडकून बसतं. हे काम शिकवताना बाबा म्हणायचे, टाकीची छाती फुगवून बघायची फक्त, तिला ओरडायला लावायचं नाही. दिवसभर पाण्याखाली राहणारा माणूस, त्याच्या सगळ्या उपमा श्वासाच्या.

दाब चढत गेला. ती नळीकडे बघत होती आणि पंपवाला तिच्याकडे. बाबांचीही एकदा चाचणी झाली होती, तिच्याच हट्टापायी. बोटीवर चढताना ते मध्येच थांबायला लागले होते, कुणी बघितलं की दोरी आवळल्याचं सोंग करायचे. तिनं महिनाभर भुणभुण लावली तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. छातीवर चकत्या लावल्या, पट्ट्यावर पळवलं, घाम निघेपर्यंत पळवलं, आणि कागद हातात दिला. घरी आले ते दारातूनच कागद नाचवत. "पास. आता तरी गप्प बसशील?" ती गप्प बसली. तिला इतकं बरं वाटलं होतं, की तिनं दोन दिवस कुणालाच काही तपासायला सांगितलं नाही. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी ते खुर्चीत बसून मोजे घालत होते आणि एकच मोजा घालून झाला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, चाचणी त्या वेळेपुरती असते. त्या वेळेपुरती. हे आधी का नाही सांगत कुणी? कागदावर मोठ्या अक्षरांत का लिहीत नाहीत? तिला त्या डॉक्टरचा राग आला नव्हता, कारण ती स्वतः तेच करत होती, आकडे ठोकत होती आणि माणसं निर्धास्त होऊन दारातून जात होती. तेव्हापासून टाकी पास झाली की तिच्या मनात पाल चुकचुकते. याबद्दल ती कुणाशी बोललेली नाही. तपासणारीलाच तपासणीचा भरवसा नाही, हे ऐकून लोक काय म्हणतील?

तिनं दाब सोडला. नळीतलं पाणी उतरायला लागलं. थांब, ती मनात म्हणाली, थांब आता, इथेच थांब. पाणी थांबलं नाही. एखाद्या शहाण्या मुलासारखं खाली खाली येत जवळजवळ निघालं होतं तिथे येऊन बसलं. फरक इतका थोडा, की एरवी ती समाधानानं हातोडी उचलते.

"पास झाली की हो ताई," पंपवाला म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "उगाच तुम्ही जिवाला घोर लावून घेतलात."

"बाद आहे ती."

"आत्ता तर पास झाली."

"आज झाली. उद्या, परवा, पन्नासाव्यांदा भरताना काय करेल ते आज नाही सांगत ती. नरम पडलेला धातू आहे."

पंपवाल्यानं तिच्याकडे असं बघितलं, जसं नवरा बघतो, जसं बाबा बघायचे, जसं ती कुंडीवाली मंडळी बघतात. तिनं टाकी पुसून टेबलावर ठेवली. पिवळी, ताठ, निर्दोष. तिला त्या टाकीच्या थोबाडीत एक मारावीशी वाटली. कुठे तरी जरा चिरायचं, जरा सैलावायचं, माझी थोडी लाज राखायची. हे कुठलं इमान?

दुपारी दादा आला तो आधीच सगळं ऐकून. पंपवाल्यानं फोन केला होता, आणि तो तरी का करणार नाही, चांगली बातमी सांगायला कुणाला आवडत नाही? दादानं टाकीच्या मानेला हात घातला. "चल, दे. मासोळी गाडीत बसलीय. आकडे ठोकलेस का?"

"ठोकणार नाही, दादा. कापायची आहे ती. मालकाच्या होकाराशिवाय मला कापता येत नाही. तू हो म्हण."

"पास झालेली टाकी?"

"हो."

"ठमे, हे अति होतंय. बाबांची टाकी आहे. तिच्यावर तुझा काय राग आहे ते मला माहीत नाही, पण पोरीला मी शब्द दिलाय."

"बाबाही पास झाले होते," ती म्हणाली. हे बोलायचं नव्हतं. हे इतकी वर्षं कुणीच कुणाशी बोललं नव्हतं.

दादा म्हणाला, "म्हणजे तपासण्यांना काही अर्थ नाही, असं तूच म्हणतेयस. मग तू तरी इथे काय करतेस इतकी वर्षं?"

डोळ्यांत पाणी येतंय असं वाटल्यावर तिला आणखीच संताप आला, कारण डोळ्यांत पाणी आलं की समोरचा माणूस समजूत घालायला लागतो आणि मूळ मुद्दा बोंबलतो. दादा टाकी उचलून दाराकडे निघालासुद्धा. "आकडे नकोत तुझे. माझ्याकडे माझा पंप आहे. मी भरतो."

"तिकडे कशाला? इथेच भर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शेजारच्या खोलीत पंप चालूच आहे. ने. आणि मासोळीला गाडीतून बोलव. तू भरशील तेव्हा तिला टाकीशेजारी उभी कर. उद्या पाठीवर बांधणारच आहेस, तर आज हात लावून उभं राहायला काय हरकत आहे?"

पंपवाला जागचा हलला नाही. दादा टाकी कमरेवर तोलून उभा होता. दाराबाहेर गाडीचा पत्रा उन्हात चकाकत होता आणि काचेतून मासोळीचा वाकलेला माथा दिसत होता, फोनमध्ये काहीतरी बघत असलेला. दादा तिकडे बघत राहिला. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, हे तिनं स्वच्छ पाहिलं. मारली असती तर काय केलं असतं तिनं? तिला ठाऊक नव्हतं. आणि खरं म्हणजे तिला आतून वाटत होतं, की यानं मारावी हाक, काहीतरी असं बोलावं की मी खोटी पडेन, एकदा तरी कुणीतरी मला हरवून दाखवावं आणि माझी सुटका करावी. दादानं तोंड मिटलं.

"काप," तो म्हणाला.

तिनं टाकी त्याच्या हातातून घेतली, आत राहिलेलं पाणी ओतून टाकलं आणि करवतीला लावली. आवाज असा काही होतो, की त्यात कुणाला काही बोलता येत नाही, आणि ते एक बरं होतं. पिवळ्या रंगाचे पोपडे उडाले. दादाचं म्हणणं साफ खोटं ठरलं, टवके चांगले उडत होते. टाकी दोन तुकडे होऊन बाजूला झाली तेव्हा दादा पुढे आला, खाली वाकला आणि अर्ध्या टाकीत हात घालून आतून बोटं फिरवायला लागला. आतली बाजू लखलखीत होती. डाग नाही, खड्डा नाही, चीर तर नाहीच. बाबा टाकी कशी ठेवायचे ते दिसत होतं.

"काहीच नाही गं आत," दादा म्हणाला.

"नाही."

"म्हणजे चालली असती."

"असेल. माहीत नाही, दादा. आता कधीच कळणार नाही."

करवतीचा आवाज थांबलेला ऐकून मासोळी आत आली. तिनं आधी बापाकडे बघितलं, मग जमिनीवरच्या पिवळ्या तुकड्यांकडे, आणि तिला कळायला वेळ लागला नाही. दादा काहीतरी समजावून सांगायला लागला, भट्टी, धातू, वगैरे, पण तो स्वतःच मध्ये अडखळला. "मी कापली," ती म्हणाली. मासोळी तिच्याकडे वळली. तोंड लालबुंद झालेलं, नाकपुड्या फुललेल्या, छाती भराभर वरखाली होत असलेली.

"एकच टाकी होती आजोबांची. एकच. तुला ना आत्या, काहीच म्हणजे काहीच चालत नाही कुणाचं."

"हो," ती म्हणाली. "ओरड तू. ओरड हवं तेवढं."

पोरगी ओरडत राहिली. मध्ये थांबून तिनं मोठा श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाली. हातांवरची करवतीची धूळ पुसायचीही शुद्ध न राहता आत्या तिच्यासमोर उभी राहून ऐकत होती.